झिराड, झिराडकर : आडनावाचे मूळ आणि आजची संख्या

आगरवाट यांचा प्रश्न

मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या इतिहासाविषयी वाचताना डॉ. जेरूशा झिराड यांचे नाव वारंवार येते. लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी मिळवून त्या परतल्या, १९२८ ते १९४७ या काळात त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या होत्या, हे मला ठाऊक आहे. त्यांचा जन्म १८९० साली शिवमोग्याला झाला, आडनाव मात्र अलिबागहून रेवसकडे जाताना लागणाऱ्या झिराड या गावाचे आहे. किहीमवरून केहिमकर आणि रोह्यावरून रोहेकर झाले, तर येथे शेवटचा 'कर' कोठे गेला, असा माझा पहिला प्रश्न आहे. हे आडनाव गावावरून नेमके केव्हा रूढ झाले असावे, याविषयीही जाणकारांनी लिहावे. शिवाय झिराड किंवा झिराडकर आडनावाची आज किती माणसे आहेत, याचा विश्वासार्ह आकडा कोठे मिळेल? आडनावांची लोकसंख्या देणारी काही संकेतस्थळे मी पाहिली, पण त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ते कोठून घेतले याचा खुलासाही तेथे समाधानकारक वाटला नाही.

जुनेदप्तर यांचे उत्तर

मूळ गावाविषयीचा आपला तर्क बरोबर आहे. बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना जेथे पुरले असे सांगतात ती जागा नवगावला आजही दाखवली जाते. ही घटना केव्हाची, यावर एकमत नाही आणि आडनावाच्या चर्चेत त्याची फारशी गरजही नाही. आपल्याला महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. हा समाज एका ठिकाणी वस्ती करून राहिला नाही, तर आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगावी एकेक दोनदोन घरे करून पसरला. त्यांचा मुख्य धंदा तेलाच्या घाण्याचा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे शेजारचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इतर समाजांच्या वाड्या असत, आळ्या असत; यांचे मात्र बहुतेक गावांत मोजकेच उंबरे होते. म्हणून माणसाची ओळख पटवायला गावाचे नाव पुरेसे ठरले. अशी गावनावांवरून आलेली सुमारे १४० आडनावे या समाजात सांगितली जातात आणि त्यांपैकी बरीचशी अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातली आहेत. रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडे असलेल्या अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपुरकर, पेणचे पेणकर ही त्यांची सहज आठवणारी उदाहरणे आहेत.

आडनाव केव्हा रूढ झाले याचे एका वर्षात बसणारे उत्तर देता येणार नाही, कारण 'कर' लागलेले नाव आधी बोलण्यात असते आणि कागदावर फार उशिरा स्थिरावते. झिराड गावात राहणाऱ्याला गावात कोणी झिराडकर म्हणण्याचे कारण नाही. तो अलिबागच्या बाजारात, मुंबईच्या गोदीत किंवा पलटणीत गेला की त्या नावाची गरज पडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजातले पुष्कळ लोक ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत शिरले आणि तेथेच आपल्याला पहिले ठळक पुरावे सापडतात. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युअल एझकियल दिवेकर हे त्या फौजेतले अधिकारी होते आणि त्यांचे घरगुती नाव समाजी हसाजी दिवेकर असे होते. त्या काळी सॅम्युअलचा समाजी, एझकियलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी आणि आयझॅकचा इसाजी होत असे. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि हवे तर गाव, हा त्या वेळचा क्रम होता. या तिसऱ्या भागाला आपण आज आडनाव म्हणतो.

'कर' का गळला, याचे उत्तरही मला यातच दिसते. इंग्रजी शाळा, विद्यापीठे आणि सरकारी नोकरी यांच्या कागदांवर एक ठरलेले कुलनाम लागू लागले, तेव्हा प्रत्येक घराने आपापल्या सोयीने निवड केली. कोणी केहिमकर, राजपुरकर असे पूर्ण नाव ठेवले, कोणी आजोबांचे नावच आडनाव केले, तर काहींनी नुसते गावाचे नाव घेतले. झिराड हा तिसरा प्रकार आहे. त्यातही हे कुटुंब म्हैसूर संस्थानात राहिलेले होते, आणि कोकणाबाहेर 'कर' लावून गाव सांगण्याला तितका अर्थ उरत नाही. अर्थात हा शेवटचा भाग माझा तर्क आहे; त्या कुटुंबाचा कागद पाहून मी तो लिहिलेला नाही.

सरासरी यांचे उत्तर

संख्येपुरते लिहितो. भारताच्या जनगणनेत आडनावांचे कोष्टक तयारच होत नाही. प्रगणक कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेतो, परंतु १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे या नोंदी पाहण्यासाठी खुल्या नसतात आणि प्रसिद्ध होतात ते केवळ एकत्रित आकडे. त्यामुळे एखादे संकेतस्थळ भारतातल्या अमुक आडनावाची अमुक माणसे असे सांगते, तेव्हा तो आकडा जनगणनेचा नसतो. मतदारयाद्या, दूरध्वनी सूची किंवा समाजमाध्यमांवरची नावे यांचा एक नमुना घ्यायचा आणि त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात गुणायचे, अशी ही रीत असते. पाटील किंवा जाधव यांच्याबाबतीत ती ढोबळमानाने चालते. नमुन्यात तीन माणसे सापडलेल्या आडनावाला मात्र ती लावली, तर एक नाव इकडचे तिकडे झाले तरी अंदाज एकतृतीयांशाने बदलतो. आपल्याला न जुळणारे आकडे दिसले त्याचे कारण एवढेच आहे.

पण वरची मर्यादा आपल्याला चांगली ठरवता येते, कारण जनगणनेत धर्माची नोंद होते. १९५१ मध्ये भारतात सुमारे २६,५०० ज्यू होते आणि त्यांतून बगदादी व कोचीनचे हे वेगळे ज्यू समाज वजा केले, तर बेने इस्राएल २०,००० च्या आसपास असावेत. १९६१ मध्ये एकूण आकडा सुमारे १८,५०० वर आला आणि १९७१ मध्ये तो ६,००० च्याही खाली गेला. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४,५०० पेक्षाही कमी लोकांनी हा धर्म नोंदवला, त्यांतले निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २,५००, महाराष्ट्रातले होते. वर १४० आडनावांचा उल्लेख आला आहे. महाराष्ट्रातला आकडा त्या संख्येने भागला, तर एका आडनावाच्या वाट्याला सरासरी अठरा माणसे येतात. वाटणी कधीच समान नसते. काही आडनावांची शंभर माणसे असतील, काहींचे एकच घर असेल आणि काहींचे येथे कोणीही नसेल. शिवाय ज्यांनी आजोबांचे नाव आडनाव केले ते या हिशेबातून आधीच बाहेर गेले आहेत. त्यामुळे भारतातल्या झिराड आणि झिराडकर मंडळींचा एकत्रित आकडा कोणी शेकड्यांत सांगू लागला, तर त्याला आधी आधार विचारावा.

आगरवाट

दोघांचेही आभार. यातून एक उपप्रश्न निघतो. संख्या इतकी लहान असेल, तर झिराड आणि झिराडकर हे सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज मानावेत का?

दर्यावर्दी यांचे उत्तर

माझ्या मते तसे मानू नये. जुनेदप्तर यांनी लिहिलेले बहुतेक मला मान्य आहे, पण गावात मोजकीच घरे होती म्हणून गावाचे नाव म्हणजे कुळाचे नाव, असा अर्थ कोणी काढला तर तो चुकेल. गावावरून पडलेले आडनाव फक्त राहण्याचे ठिकाण सांगते. नात्यात नसलेली दोन घरे वेगवेगळ्या पिढ्यांत एकाच गावातून बाहेर पडली, तरी दोघांनाही तेच नाव मिळते. उलट सख्ख्या भावांपैकी एक किहीमला आणि दुसरा झिराडला जाऊन राहिला, तर त्यांच्या नातवंडांची आडनावे वेगळी होतात. सॅम्युअल दिवेकरांचेच आडनाव पाहावे. दिवे आगरचे दिवेकर चित्पावनांतही आहेत आणि बेने इस्राएलांतही आहेत, पण त्यावरून त्यांचे नाते कोणी जोडत नाही. पेणकर, नागावकर, रोहेकर यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. तेव्हा एखाद्या यादीत झिराडकर सापडला की तो बेने इस्राएलच असला पाहिजे, हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. पहिले नाव आणि बापाचे नाव पाहिल्याशिवाय मोजणीला हात घालू नये.

जनुकीय अभ्यासाचा दाखला येथे कोणी देण्याआधीच लिहून ठेवतो. बेने इस्राएलांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा ठळकपणे आढळल्या. परंतु तो निष्कर्ष समाजाविषयीचा आहे. आडनावनिहाय कुळे त्यातून निघत नाहीत.

सरासरी

दर्यावर्दी यांच्याशी सहमत आहे. आडनाव दुर्मीळ का होते, याबद्दल एक जुना गणिती मुद्दा येथे उपयोगी पडेल. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी असा प्रश्न मांडला होता, की आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जात असेल, तर काही पिढ्यांनंतर किती आडनावे नामशेष होतील. त्यांनी आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये त्याचे उत्तर दिले. त्यातली एक चूक नंतर दुरुस्त झाली, पण मांडणी टिकली. प्रत्येक पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगे मोठे होऊन संसाराला लागत असतील, तर ते आडनाव कधी ना कधी संपणारच. सरासरी एकाहून थोडी अधिक असली, तरीही दोनतीन घरांपासून सुरू झालेले आडनाव पहिल्या काही पिढ्यांतच नाहीसे होण्याची शक्यता बरीच मोठी असते. कोकणातल्या एका लहान गावातून निघालेले नाव आजवर टिकले, यात योगायोगाचाही वाटा आहे. मात्र झिराडकरांची भारतातली संख्या घटली ती मुख्यतः वंश खुंटल्यामुळे नव्हे, तर स्थलांतरामुळे. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांतली घसरण जन्ममृत्यूंच्या हिशेबाने होण्यासारखी नाही.

जुनेदप्तर

दर्यावर्दी यांचा आक्षेप रास्त आहे आणि मीही कुळाचा दावा करत नाही. स्थलांतराचा विषय निघालाच आहे, तर मोजणीच्या दृष्टीने काही लिहितो. आज बेने इस्राएलांची बहुसंख्या इस्रायलमध्ये आहे. सत्तर ते ऐंशी हजार असा अंदाज नेहमी दिला जातो आणि दिमोना, अश्दोद, लोद, बेअरशेबा या शहरांत त्यांची मोठी वस्ती आहे. तेथे 'कर' लावणारी आडनावे टिकली आहेत, इतकेच नव्हे तर 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही या समाजाने तेथे चालवले. म्हणून झिराड आडनावाचा शोध भारतापुरता ठेवला, तर तो अर्धाही होणार नाही. पण हिब्रू लिपीत 'झ' किंवा 'ड' यांना नेमके अक्षर नाही, आणि रोमन लिपीत हेच नाव कोणी झेडने, कोणी जे व एच ही अक्षरे जोडून, तर कोणी नुसत्या जे या अक्षराने लिहितो. संगणकाला ही तीन वेगळी आडनावे वाटतात. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील जनगणना खाते किमान शंभर माणसांची नोंद असलेली आडनावेच प्रसिद्ध करते आणि २०१० च्या त्या यादीत १,६२,२५३ आडनावे आहेत; पण २००० सालच्या मोजणीत एकंदर साठ लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावे निघाली होती आणि त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक केवळ एकेकदा आलेली होती. त्यांत खरोखर दुर्मीळ नावे किती आणि लेखनातल्या चुका किती, हे यादी पाहून सांगता येत नाही.

आपल्याला प्रत्यक्ष मोजणी करायची असेल, तर अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगपासून आणि तेथील दफनभूमीपासून सुरुवात करावी. जुन्या थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो आणि गावनाव असलेच तर ते मराठीत सापडण्याची शक्यता अधिक. विवाहाच्या करारपत्रात, म्हणजे केतुबात, वधूवरांची नावे परंपरेप्रमाणे बापाच्या नावासह लिहिली जातात. तेथे आडनाव नसेल, तर ते कुटुंब दुसरे आहे असे समजू नये. त्यापुढे मुंबई आणि ठाण्याच्या सिनेगॉगांची नोंदणीपुस्तके विश्वस्तांच्या परवानगीने पाहता येतील. मतदारयादीत फक्त अठरा वर्षांवरील माणसे असतात आणि विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रिया माहेरच्या नावाखाली सापडत नाहीत, एवढे लक्षात ठेवून ती शेवटी घ्यावी. झिराड आणि झिराडकर यांची यादी मात्र सुरुवातीपासून वेगवेगळी करावी. ती एकत्र करायची की नाही, हे प्रत्येक घराची किमान तीन पिढ्यांची नावे हाती आल्यावर ठरवता येईल.