मिशिगनला झालेल्या शिक्षेला शिक्षा म्हणायचं का?

कोलंबसकर

मिशिगन विद्यापीठाच्या सिग्नलचोरी प्रकरणाचा निकाल एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, १५ ऑगस्ट २०२५ ला दिला. मी त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटचा चाहता आहे हे आधीच सांगतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तरीही जे लिहितोय ते निकालपत्र पूर्ण वाचून लिहितोय.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात प्रकरण. कॉलेज फुटबॉलमध्ये (हा हाताने चेंडू धरून खेळायचा अमेरिकन फुटबॉल) २०२४ पर्यंत क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता. पुढची चाल कोणती हे साईडलाईनवरून हातवारे करून आणि चित्रांचे फलक दाखवून कळवायचे. समोरच्यांनी मैदानात उभं राहून किंवा टीव्हीवरचं चित्रण बघून ते ओळखलं तर ओळखू दे, त्याला नियमाची हरकत नाही. बंदी आहे ती त्याच सीझनमध्ये ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या सामन्याला आपला माणूस पाठवून टेहळणी करायला. हा नियम १९९० च्या दशकात आला, कारण अशी माणसं पाठवणं श्रीमंत विद्यापीठांनाच परवडतं.

मिशिगनच्या फुटबॉल विभागातल्या कॉनर स्टॅलियन्सने २०२१, २०२२ आणि २०२३ असे तीन सीझन तेच केलं. तिकिटं काढायची, ओळखीच्या माणसांना समोरच्या साईडलाईनवर नजर ठेवता येईल अशा जागी बसवायचं आणि फोनवर चित्रण करून घ्यायचं. एनसीएएच्या हिशेबाने १३ प्रतिस्पर्धी, ५६ वेळा. प्रकरण बाहेर आल्यावर या माणसाने आपला फोन तळ्यात फेकला. शेरॉन मूर, जो निकालाच्या वेळी तिथला मुख्य प्रशिक्षक होता, त्याने स्टॅलियन्सबरोबरच्या ५२ मेसेजची साखळी पुसून टाकली.

आता शिक्षा. ५० हजार डॉलर, फुटबॉलच्या बजेटचे १० टक्के, शिष्यवृत्त्यांच्या खर्चाचे १० टक्के आणि २०२५ व २०२६ च्या पोस्टसीझनच्या, म्हणजे सीझन संपल्यावरच्या बोल आणि प्लेऑफ सामन्यांच्या, उत्पन्नातला वाटा. सगळं मिळून २ कोटी डॉलरच्या वर जाईल. चार वर्षं प्रोबेशन. स्टॅलियन्सला ८ वर्षांचा आणि आधीचा प्रशिक्षक जिम हारबॉला १० वर्षांचा शो-कॉज, म्हणजे कॉलेजमध्ये काम करायला जवळजवळ बंदीच. मूरला दोन सामन्यांचं निलंबन विद्यापीठाने स्वतःहून दिलं होतं, त्यात एनसीएएने २०२६ चा पहिला सामना घातला. पोस्टसीझन बंदी नाही. एकही विजय रद्द नाही.

माझं डोकं फिरलं ते पुढच्या भागाने. समितीने स्वतःच लिहिलंय की मिशिगन पुन्हा सापडलेला गुन्हेगार आहे आणि प्रकरणाची व्याप्ती बघता अनेक वर्षांची पोस्टसीझन बंदी लागू होते. आणि मग लिहिलंय की आजच्या खेळाडूंवर अन्याय होईल म्हणून त्याऐवजी पैसे घेतो. वर्षाला २० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्या क्रीडा विभागाकडून पैसे घेणं याला शिक्षा म्हणत नाहीत. हा दर झाला. तीन सीझनमध्ये आमच्याविरुद्ध ४२-२७, ४५-२३, ३०-२४ आणि शेवटी जानेवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय विजेतेपद, या सगळ्याचा दर.

आम्हाला २०११ मध्ये काय मिळालं होतं? आमच्या पोरांनी आपल्याच वस्तू विकल्या, त्याबदल्यात टॅटू करून घेतले. मिशिगनला हरवल्यावर खेळाडूला सोन्याची छोटीशी विजार मिळते, गोल्ड पँट्स, तीसुद्धा विकली. मला ते आजही खुपतं. पण त्याने मैदानावरचा एक यार्डही फुकट मिळाला नव्हता. तरी २०१० चे विजय गेले, आमचा प्रशिक्षक जिम ट्रेसेलला जावं लागलं, नऊ शिष्यवृत्त्या गेल्या आणि २०१२ ला पोस्टसीझन बंदी. त्या वर्षी आम्ही १२-० होतो. बारा सामने, बारा विजय, आणि डिसेंबरमध्ये घरी. त्या संघातल्या नवीन पोरांचा टॅटूशी काडीचाही संबंध नव्हता. तेव्हा त्यांच्यावरचा अन्याय कुणाला दिसला नाही?

निळापिवळा

अ‍ॅन आर्बरहून, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्याच गावातून, लिहितोय. स्टॅलियन्सने जे केलं ते चूक होतं आणि नियमाबाहेर होतं, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही.

पण तुमच्या हिशेबात तीन स्कोअर आले आणि महत्त्वाचं राहिलं. स्टॅलियन्स २० ऑक्टोबर २०२३ ला निलंबित झाला. त्यानंतर सीझनच्या शेवटच्या सहा सामन्यांत मिशिगन पेन स्टेट, मेरीलँड, ओहायो स्टेट, आयोवा, अलाबामा आणि वॉशिंग्टनशी खेळलं आणि सगळे सामने जिंकलं. त्यातल्या पहिल्या तीन सामन्यांत बिग टेनच्या (आपण दोघंही ज्यात खेळतो तो विद्यापीठांचा गट) निलंबनामुळे हारबॉ साईडलाईनवर नव्हता. म्हणजे तुमच्याविरुद्धचा ३०-२४ स्टॅलियन्सशिवाय आणि हारबॉशिवाय आला. पेन स्टेटला जाऊन आमच्या संघाने सलग ३२ चाली नुसतं धावून खेळल्या. समोरच्याला माहीत होतं की आता धावणार, तरी थांबवता आलं नाही. यात कुणाचा हातवारा चोरायचा होता? आणि २०२४ मध्ये, हेल्मेटमध्ये रेडिओ आल्यावर, आमचा त्या वर्षीचा सुमार संघ तुमच्या कोलंबसला येऊन १३-१० जिंकून गेला.

खेळाडूंचं म्हणाल तर २०२५ च्या संघातली बरीच मुलं तेव्हा हायस्कूलमध्ये होती. एकोणीस वर्षांच्या मुलाने कुणाच्या फोनची भरपाई करायची? २०१२ ला तुमच्यावर अन्याय झाला हे मला मान्य आहे. अन्याय झाला असेल तर तो पुन्हा करायचा नसतो.

कोलंबसकर

@निळापिवळा, २०२३ चे शेवटचे सहा सामने तुम्ही स्वच्छ जिंकलात, तो मुद्दा मी खोडत नाही. पण आधीचं बघा. २०२० मध्ये मिशिगन २-४ होतं. हारबॉचा पगार निम्म्याच्या आसपास आणला गेला. ओहायो स्टेटविरुद्ध तुम्ही सलग आठ वेळा हरला होतात. २०२१ ला टेहळणी सुरू झाली आणि त्याच वर्षी ४२-२७. एकातून दुसरं झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. समितीही करू शकली नाही, आणि का ते तिनेच लिहिलंय: पुरावे मुद्दाम नष्ट केल्यामुळे आणि दडवल्यामुळे नेमका किती फायदा झाला ते कधीच कळणार नाही. ज्याने पुरावा बुडवला त्यालाच संशयाचा फायदा मिळाला. कुठल्याही कोर्टात हे उलटं चालतं.

२०२१ चा तो सामना चांगला आठवतो. बर्फ पडत होता, आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर आमच्या बचावफळीला कुठे उभं राहायचं तेच कळत नव्हतं. मी तेव्हा आपल्या पोरांना शिव्या घातल्या. आज त्या सामन्याकडे बघताना कुठली चाल त्यांची कमाई आणि कुठली चोरलेली हे मला सांगता येत नाही. चाहत्याकडून हेच हिरावलं गेलंय, आणि ते २ कोटी डॉलरने भरून येत नाही.

मिझूची आई

माझी मुलगी मिझूरी विद्यापीठाची, म्हणून मध्ये पडते. खेळ मला तिच्यामुळे लागला.

तिथे २०१६ मध्ये एका शिकवणी घेणाऱ्या बाईने स्वतःहून कबूल केलं की तिने १२ खेळाडूंचं अभ्यासाचं काम करून दिलं. विद्यापीठाने चौकशीत सगळी मदत केली. जानेवारी २०१९ ला निकाल आला: फुटबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल तिन्हींना पोस्टसीझन बंदी. अपील केलं, ते नोव्हेंबरच्या शेवटी फेटाळलं, सीझन संपत आला असताना. संघ ६-६ झाला, म्हणजे सीझननंतरच्या बोल सामन्याला पात्र होता, पण जाता आलं नाही. त्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे चेहरे मी पाहिलेत, कारण त्यातले दोघं माझ्या मुलीच्या वर्गात होते.

ज्यांनी खरं सांगितलं त्यांना बंदी आणि ज्यांनी फोन तळ्यात फेकला त्यांना दंड. यातून पुढचा प्रशिक्षक काय शिकेल ते कुणी मला समजावून सांगावं.

निळापिवळा

@मिझूची आई, मिझूरीवर अन्यायच झाला, शंभर टक्के. पण २०१९ आणि २०२५ मध्ये नियमांचा पाया बदललाय. २०२२ मध्ये एनसीएएने नवीन घटना आणली आणि त्यात शक्यतो निर्दोष खेळाडूंना शिक्षा करायची नाही हे धोरण म्हणून आलं. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये टेनेसीचा निकाल लागला. १८ सर्वोच्च पातळीचे नियमभंग, खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना पैसे वाटले होते. त्यांनाही ८० लाख डॉलरचा दंड झाला, पोस्टसीझन बंदी नाही. मिशिगनला खास सवलत दिली असं म्हणणाऱ्यांनी टेनेसीचं उत्तर द्यावं. आमचा दंड त्यांच्या दुपटीहून जास्त आहे.

मिझूची आई

टेनेसीने चौकशीला साथ दिली होती आणि प्रशिक्षकाला त्यांनी स्वतः आधीच काढून टाकलं होतं. मिशिगनने नोव्हेंबर २०२३ मध्ये बिग टेनवरच खटला भरला, मग मागे घेतला. आणि ज्याने मेसेज पुसले त्यालाच मुख्य प्रशिक्षक केलं. ही दोन विद्यापीठं एका ओळीत बसत नाहीत.

शनिवारवाडा

पुण्यातून वाचतोय. या खेळातलं फार कळत नाही, पण वादाचं मूळ ओळखीचं वाटलं. २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही आयपीएल संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं. खेळाडूंचा दोष नव्हता, पण त्यांना बाकीच्या संघांत जागा करून दिली. धोनी, रहाणे, अश्विन पुण्याकडून खेळले ते त्यामुळेच. मग इथे बंदी घालून खेळाडूंना मोकळं का सोडत नाहीत? की कॉलेजमध्ये तसं करता येत नाही?

कोलंबसकर

@शनिवारवाडा, करता येतं आणि केलेलं आहे. २०१० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाला दोन वर्षांची बंदी बसली तेव्हा वरच्या वर्गांतल्या खेळाडूंना लगेच दुसरीकडे जायची मुभा दिली होती. २०१२ मध्ये पेन स्टेटच्या सगळ्याच खेळाडूंना दिली. आता तर ट्रान्सफर पोर्टल आहे, दर हिवाळ्यात हजारो खेळाडू विद्यापीठ बदलतात. ‘निर्दोष मुलं अडकतील’ हे २०१२ ला खरं होतं, आज ती अडचण सोडवायचा रस्ता हातात आहे. समितीने तो घेतला नाही.

निळापिवळा

निकाल १५ ऑगस्टला आला. आमचा पहिला सामना ३० ऑगस्टला होता. पंधरा दिवसांत मुलांनी कुठे जायचं? इतर संघांच्या जागा भरल्या होत्या, शिष्यवृत्त्या वाटून झाल्या होत्या. आणि आयपीएलच्या खेळाडूला शहर बदललं की झालं, या मुलांची डिग्री इथे आहे. क्रेडिट दुसरीकडे धरतात की नाही यावर एक सेमिस्टर जातं. माझ्या ओळखीतल्या घरातला मुलगा तिथे इंजिनिअरिंग शिकतो आणि राखीव खेळाडू म्हणून संघात आहे, शिष्यवृत्तीशिवाय. त्याला कोण घेणार आहे? टीव्हीवर दिसणाऱ्या दहा जणांना पोर्टल आहे, उरलेल्या शंभर जणांना नाही.

कोलंबसकर

तुमच्या ओळखीतल्या त्या मुलाबद्दलचा मुद्दा मला पटतो. पण पंधरा दिवस कुणामुळे उरले? चौकशी ऑक्टोबर २०२३ पासून चालू होती. आणि बंदी २०२६ ची घालता आली असती. मुलांना पूर्ण हिवाळा मिळाला असता. ज्याला राहायचं तो राहिला असता, बारा सामने खेळला असता, आमच्याशी खेळला असता. गेला असता तो फक्त प्लेऑफ. म्हणून माझी मागणी एवढीच: २०२६ ला एक वर्ष बंदी, सगळ्यांना मुभा, आणि दंडाचे पैसे कमी केले तरी चालतील.

विजय रद्द करा ही मागणी मी करत नाही, हेही सांगून ठेवतो. आमचे २०१० चे रद्द झाले, त्याने काय झालं? आर्कान्सासविरुद्धचा शुगर बोल ज्यांनी पाहिला त्यांनी तो पाहिलाच.

आयोवाची पाहुणी

दोन्हीकडचे लोक विद्यापीठाबद्दल बोलताय. हारबॉबद्दल कुणीच नाही. त्याचा १० वर्षांचा शो-कॉज ऑगस्ट २०२८ मध्ये सुरू होणार, कारण आधीच्या एका वेगळ्या प्रकरणात मिळालेला चार वर्षांचा शो-कॉज तोवर चालू आहे. म्हणजे २०३८ पर्यंत कॉलेजचं दार बंद. आणि तो आहे कुठे? लॉस एंजेलिस चार्जर्सकडे, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये, जिथे एनसीएएचा शब्द चालत नाही. विजेतेपद मिळाल्यावर त्याच महिन्यात गेला. सगळ्यात मोठी शिक्षा कागदावर त्याला झाली आणि त्याच्या एका दिवसाच्या पगाराला धक्का लागला नाही. प्रशिक्षकांचे करार असे हवेत की नंतर दोष सिद्ध झाला तर बोनस परत द्यावा लागेल. जोवर पैसा त्या माणसाच्या खिशातून जात नाही तोवर तुम्ही पोरांना बसवा नाहीतर विद्यापीठाला दंड करा, काही बदलणार नाही.

निळापिवळा

@आयोवाची पाहुणी, याला माझं पूर्ण अनुमोदन. हारबॉने जो बोनस घेतला तो मागा, मी सही करतो.

@कोलंबसकर, तुमची २०२६ ची मागणी आतापर्यंत ऐकलेल्यांत सर्वात विचार केलेली आहे, तरी मी विरोधातच आहे. २०२६ चं पहिलं वर्ष ज्यांचं असेल ती मुलं २०२१ मध्ये बारा-तेरा वर्षांची होती. आणि एक विचारतो, मनापासून उत्तर द्या: २०१२ ला तुम्ही १२-० असताना घरी बसलात, त्याने ओहायो स्टेट सुधारलं का? की तुमच्या मनात फक्त तेरा वर्षं पुरेल एवढा राग उरला?

कोलंबसकर

मनापासून सांगतो. सुधारलं. त्यानंतर इथे नियमपालन विभागाची जी धास्ती बसली ती मी जवळून बघितली आहे. एका दुकानदार मित्राने खेळाडूला फुकट जेवण द्यायचं म्हटलं तर खेळाडूच नको म्हणून उठून गेला. ती धास्ती पैशाच्या दंडाने बसली नसती. संघ घरी बसला म्हणून बसली. रागही उरला, तेही खरं.

मिझूची आई

ऑगस्ट २०२५ मध्ये मिशिगनने अपील करणार असं जाहीर केलं. म्हणजे एवढी शिक्षाही त्यांना जास्त वाटते. मिझूरीला अपिलात काही मिळालं नव्हतं, त्यामुळे यांना काय मिळतं इकडे माझं लक्ष आहे. निकाल लागला की इथेच लिहीन.