कर भरू, पण आमच्या गावाचा हिशोब वेगळा दाखवा

वेशीवरचा (धागाकर्ता)

समाविष्ट गावांच्या मिळकतकरावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत जुंपली आहे. तिथे दोन ओळींच्या वर कुणी वाचत नाही, म्हणून इथे मांडतो.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. ऑक्टोबर 2017 मध्ये पुणे महापालिकेत 11 गावं आली: धायरी, उंड्री, दोन्ही आंबेगाव, लोहगावचा उरलेला भाग वगैरे. मग जून 2021 अखेरीस आणखी 23: वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, बावधन, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला इत्यादी. पालिका क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून बसली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. राहिली 32. या 32 गावांतल्या करवसुलीला 2024 मध्ये राज्य सरकारने स्थगिती दिली, आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो, "सुविधा नाहीत तर कर कसला?" दुसरा म्हणतो, "गुपचूप भरा, उद्या फ्लॅट विकताना थकबाकी आडवी येईल."

मला दोन्ही पटत नाही. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. आकडा तिकडे वाढतच राहतो, आणि थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) लावायची पालिकेची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. ही स्थगिती उठेल तेव्हा ती देणारे कुठे असतील सांगता येत नाही. आपण मात्र इथेच असू.

शिवाय कर न भरणाऱ्याला पालिका एकच उत्तर देते: "तुमच्या भागातून वसुलीच नाही, कामं कुठून करू?" हे उत्तर आपणच तिच्या हातात देतोय.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. कर भरायचा, पण पालिकेने दरवर्षी गावनिहाय तक्ता काढायचा: या गावाची मागणी इतकी, वसुली इतकी, पाण्यावर इतके, ड्रेनेजवर इतके, रस्त्यांवर इतके खर्च. अंदाजपत्रकात "समाविष्ट गावांसाठी" असं एक गाठोडं बांधून ठेवलं की कुणाच्या वाट्याला काय आलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

बोला.

टँकरग्रस्त

धागाकर्ते, तुमचं म्हणणं कागदावर छान आहे. माझं बिल बघा. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिःसारण (ड्रेनेज) लाभ कर, पथकर (टोल नव्हे, रस्त्यांसाठीचा कर). यातल्या "लाभ" या शब्दापाशी मी दरवेळी थांबतो. जललाभ म्हणे! आमच्या फाटकावर वॉचमनची एक वही आहे. टँकर आला की तो वेळ आणि गाडीचा नंबर लिहितो, खाली ड्रायव्हरची सही. एप्रिल-मेची पानं दोन्ही बाजूंनी भरलेली असतात. त्या वहीला मी जललाभ म्हणतो. पैसे महिन्याच्या मेंटेनन्समधून जातात, आणि वर हा कर.

परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलं होतं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी तो देईल. सोसायटी हस्तांतरित झाली आणि हमीपत्र फायलीत झोपलं.

आणि जानेवारी 2025 विसरलात का? सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले. राज्याचा आकडा दोनशेच्या वर गेला, त्यातले बहुतेक आपल्याच परिसरातले. माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. तेव्हा उभ्या महाराष्ट्राला कळलं की खडकवासला धरणाच्या कुशीतल्या या गावांना विहिरीतून येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून दिलं जात होतं. शहराला त्याच धरणाचं पाणी गाळून, शुद्ध होऊन जातं. आधी ते पाणी द्या, मग बिल पाठवा. उलटा क्रम मला मान्य नाही.

पेठेतला

आता आमचंही ऐकून घ्या. समान पाणीपुरवठ्याची योजना आखली ती जुन्या हद्दीसाठी. टाक्या, मीटर, नवीन नळ, सगळं आमच्या करातून आणि आमच्या नावावरच्या कर्जातून. ते काम पुरं होतंय न होतंय तोच 23 गावं पदरात टाकली. पालिकेने मागितली नव्हती, राज्याने दिली.

तुम्ही फ्लॅट घेतलात तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. शहराच्या निम्म्या भावात मिळतोय म्हणून घेतलात. वीस मजले, समोर सहा मीटरचा रस्ता, ओढ्यावर कंपाउंड. हे सगळं डोळ्यांदेखत होतं. आता पाणी हवं, बस हवी, नाट्यगृह हवं, आणि कर मात्र ग्रामपंचायतीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. राव, इतकं स्वस्त आम्हालाही चालेल की.

वेशीवरचा

@पेठेतला, स्वस्ताची गोष्ट काढलीत ते बरं झालं. पुण्यात मिळकतीचं करपात्र मूल्य (ज्यावर कर काढतात तो आकडा) पहिल्यांदा आकारणी होते तेव्हा ठरतं, आणि मग वर्षानुवर्षं जवळपास तिथेच राहतं. म्हणून पेठेतल्या जुन्या जागेचा कर आणि उपनगरातल्या तेवढ्याच नव्या जागेचा कर शेजारी ठेवून बघा. कोण कुणाला पोसतंय ते दिसेल. 1970 पासून स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी 40 टक्के सवलत ही आणखी वेगळी. मध्ये ती काढली, 2023 मध्ये परत आली, आणि नवीन घरवाल्यांना त्यासाठी पीटी-3 अर्ज घेऊन रांगेत उभं राहावं लागलं.

गावांच्या कराचं म्हणाल तर कायद्यातच पायऱ्या आहेत. आधी ग्रामपंचायतीचा दर, मग फरकाच्या 20-20 टक्क्यांनी चढत पूर्ण दरापर्यंत. 2017 ची गावं त्या हिशोबाने केव्हाच वर पोहोचलीत. बिलं पायरीपायरीने चढली, नळ काही त्या वेगाने आले नाहीत. कर कमी करा असं मी म्हणतच नाहीये.

पेठेतला

वाड्यांचं नाव काढू नका. पावसाळ्यात भिंत पडते त्या वाड्याला काय करपात्र मूल्य लावणार? बाकी मुद्दा नोंदवून घेतला.

माजी सदस्य

मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत होतो, 2021 च्या 23 पैकी एका गावात. इथे सगळे ग्रामपंचायत म्हणजे अडाणी कारभार असं धरून चाललेत, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे पैसा होता. गावात खरेदीखत झालं की मुद्रांक शुल्कावरच्या 1 टक्का अधिभारातला वाटा जिल्हा परिषदेमार्फत ग्रामपंचायतीला यायचा. एवढे फ्लॅट विकले जात होते, विचार करा. शिवाय वित्त आयोगाचं अनुदान थेट पंचायतीच्या खात्यात, त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव. दिवा बंद पडला तर माणूस सरपंचाच्या दारात यायचा, आणि सरपंचाला संध्याकाळी त्याच पारावर बसायचं असायचं. आता तक्रार ॲपवर टाकायची आणि "निराकरण झाले" असा मेसेज वाचायचा. दिवा बंदच.

सगळ्यात मोठी चूक पुढे झाली. गावं पालिकेत घेतली, पण 23 गावांचं नियोजन आणि बांधकाम परवानगी दिली पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). म्हणजे बिल्डरकडून येणारं विकास शुल्क एकीकडे आणि त्याच इमारतीला पाणी-ड्रेनेज देण्याची जबाबदारी दुसरीकडे. असा संसार कुठे चालतो का?

टँकरग्रस्त

@माजी सदस्य, काका, पीएमआरडीएच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. पण गावं पालिकेत जाणार हे कळल्यावर शेवटच्या काही महिन्यांत पंचायतींनी जी भरती दाखवली तिचं काय? शेकडो माणसं रातोरात कर्मचारी झाली, जिल्हा परिषदेला चौकशी लावावी लागली. आणि सहा मीटरच्या रस्त्यावरच्या त्या इमारतींना ना-हरकत कुणाच्या शिक्क्याने मिळाली?

माजी सदस्य

सगळ्या पंचायती तशा नव्हत्या. काही होत्या, नाकारत नाही. शिक्क्याचं म्हणाल तर आराखडे मंजूर करणारे वर बसले होते, गावात नाही.

गोडाऊनवाला

घरवाल्यांच्या भांडणात आम्हाला कुणी विचारतच नाही. पत्र्याची शेड, भाड्याने दिलेली. बांधकाम अनधिकृत धरलं की कर तिप्पट. पिंपरी-चिंचवडला शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंड) माफ झाला, आम्ही काय पाकिस्तानात आहोत? गावठाणाबाहेरची अर्धी शेडं पंचायतीच्या काळातली आहेत, तेव्हा नोंद केली, पट्टी घेतली. अधिकृत-अनधिकृत तेव्हा कुणी बोललं नाही.

दौंडकर

मजेशीर धागा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही मिळून साठा 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट). गावं वाढली म्हणून धरणं वाढली नाहीत. तुमच्या प्रत्येक "पाणी द्या"चा अर्थ आमच्या कालव्याचं एक आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) लांबणीवर. दौंड-इंदापूरचा ऊस दिसतो सगळ्यांना. चारा आणि पिण्याच्या विहिरी दिसत नाहीत. सांडपाणी शुद्ध करून खाली सोडायचं ठरलं होतं, त्याचाही तक्ता मागा एकदा.

वेशीवरचा

@दौंडकर, रास्त आहे. ड्रेनेजच्या रकान्यात शुद्धीकरणही धरू. @गोडाऊनवाला, तुमचा प्रश्न खरा आहे, पण त्याला वेगळा धागा काढा, नाहीतर इथे सगळं एकात एक मिसळेल.

सचिवताई

मी एका सोसायटीची सचिव आहे, कर भरण्याच्या बाजूची. तरी धागाकर्त्यांच्या मागणीतच मला खोट दिसते आणि ती अजून कुणी काढली नाही.

गावनिहाय हिशोब मांडला की काय दिसेल? बावधन, वाघोली, म्हाळुंगे वरती. टॉवर आहेत, वसुली दणदणीत. आणि नांदोशी, कोलेवाडी, जांभुळवाडी तळाला. तिथे घरं थोडी, कर थोडा, आणि डोंगरउतारावर पाइप टाकायला खर्च जास्त. दुसऱ्याच वर्षी वाघोलीचा कुणीतरी उठून म्हणेल, "आमचा पैसा आमच्याकडेच खर्च करा." मग पेठेतल्यांनी तेच म्हटलं तर तुम्ही काय उत्तर देणार? ते वरती म्हणालेच आहेत. शहर म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारच. हिशोब वेगळा मागायचा आणि पाणी मात्र एकत्र मागायचं, हे जुळत नाही.

वेशीवरचा

ताई, हा आक्षेप वजनदार आहे. पण हिशोब वेगळा दाखवणं आणि पैसा वेगळा ठेवणं या दोन गोष्टी आहेत. मी पहिलं मागतोय. नांदोशीला वाघोलीच्या पैशातून पाइप गेला तर जाऊ दे, फक्त तो गेला हे लिहिलेलं असावं. आज काय होतं? वाघोलीचा पैसा नांदोशीलाही जात नाही आणि वाघोलीतही दिसत नाही. तो कुठल्या उड्डाणपुलात गेला याचा पत्ता लागत नाही.

हे विचारणारं माणूसही आपल्याकडे नव्हतं. 2017 च्या 11 गावांना मिळून 2019 च्या पोटनिवडणुकीत नगरसेवक मिळाले 2. 23 गावांना तर एकही नाही, कारण मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच झाली नाही. प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचं, प्रशासकानेच मंजूर करायचं. आता नगरसेवक आहेत, तर त्यांच्या हातात काहीतरी कागद द्यायला हवा.

सचिवताई

तक्ता निघाला की तो राजकारणात वापरला जाणारच, तुमचा हेतू काही असो. माझं मत बदललं नाही. गावनिहाय नको, कामनिहाय द्या: कुठली पाण्याची टाकी, किती मंजूर, किती खर्च, कधी पूर्ण. त्यात कुणाचा कर किती ते येत नाही आणि भांडणही लागत नाही.

फाट्यावरचा

या सगळ्याला एकच उपाय, फुरसुंगी-उरुळीसारखी वेगळी नगरपरिषद. आपला कर, आपला नगराध्यक्ष.

माजी सदस्य

@फाट्यावरचा, शहराच्या कचरा डेपोपायी त्यांची किती वर्षं गेली, बाहेर पडण्यामागे तो राग होता. बाहेर पडून डेपो काही हलला नाही. शिवाय नगरपरिषदेची स्वतःची पाण्याची योजना उभी राहायला किती काळ जातो ते एकदा विचारून या. आमच्या गावाला हे झेपणार नाही, मी पंचायतीचाच माणूस असून सांगतो.

पेठेतला

सचिवताईंचा कामनिहाय तक्ता मला चालेल. त्यात जुन्या हद्दीतली कामंही घ्या. आमच्याकडे एकच रस्ता किती वेळा खोदला ते एकदा छापील बघायचंय.

टँकरग्रस्त

मी अजून तिथेच आहे: पाणी आधी. फक्त एक फरक. कामनिहाय तक्ता निघाला आणि त्यात आमच्या भागातल्या टाकीची तारीख असली, तर बिलातला सर्वसाधारण कर मी भरीन. जललाभ आणि जलनिःसारणाच्या ओळी नाही. पैसे वेगळे ठेवीन, नळ आला की त्याच दिवशी भरीन.

वेशीवरचा

ओळ निवडून भरता येत नाही साहेब, बिल एकच असतं. पण ही मागणी निवेदनात घालण्यासारखी आहे: जिथे पालिकेचं पाणी आणि ड्रेनेज पोहोचलेलं नाही तिथे त्या दोन ओळींची आकारणी नको. पूर्ण स्थगितीपेक्षा हे मांडायला सोपं आहे आणि नाकारायला अवघड. ताईंचा कामनिहाय तक्ता पहिल्या क्रमांकावर घेतो, माझा गावनिहाय दुसऱ्यावर. मसुदा रविवारपर्यंत टाकतो. सह्यांसाठी सोसायटीचं नाव आणि वॉर्ड लिहा. @टँकरग्रस्त, वॉचमनच्या वहीची गेल्या उन्हाळ्याची पानं स्कॅन करून पाठवाल का? जोडपत्र म्हणून लावू.

टँकरग्रस्त

पाठवतो. वह्या दोन आहेत, एक भरली.