या चौघांत समान काय?

चिनू: शनिवारच्या क्विझची एक फेरी माझ्याकडे आहे. आधी तुमच्यावर करून बघते. जिमी कार्टर, अरीथा फ्रँकलिन, जॉन डी. रॉकफेलर आणि थॉमस कुक. या चौघांत समान काय? गूगल करायचं नाही.

दादा: चौघंही वारलेत.

चिनू: दादा, तू गप.

आत्या: थॉमस कुक म्हणजे ट्रॅव्हलवाला ना? मग चौघांनी जग पालथं घातलं असेल.

सुहासमामा: रॉकफेलर आहे म्हणजे पैसा. पण कार्टर तर भुईमुगाची शेती करायचा. छे, जुळत नाही.

नाना: चर्च.

चिनू: अर्धे मार्क. कोणतं?

नाना: बॅप्टिस्ट.

चिनू: नानांना क्विझला प्रवेश नाही.

सुहासमामा: हे काही मला पटत नाही. अमेरिकेत कोट्यवधी लोक बॅप्टिस्ट आहेत. एवढ्या मोठ्या टोपल्यात हात घातला की कोणीतरी प्रसिद्ध हाताला लागणारच. अशी यादी कुठल्याही पंथाची निघेल.

नाना: सुहास, यादी निघेल हे खरं. पण हा पंथ जरा हट्टी आहे. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसाने कळत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबुली द्यायची आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, आपला पाळक आपण निवडते. सुरुवात १६०९ मध्ये ॲमस्टरडॅमला पळून गेलेल्या मूठभर इंग्रजांनी केली.

दादा: म्हणजे जन्माने बॅप्टिस्ट कोणी नसतोच?

नाना: तत्त्वाने नसतो.

दादा: मग चिनूचा प्रश्नच बाद. चौघं 'बॅप्टिस्ट' म्हणजे काय? आईबाप होते, एवढंच?

चिनू: अरे, क्विझ आहे, पीएचडी नाही!

ताई: दादाचा मुद्दा फालतू नाहीये. त्या मूठभर इंग्रजांतला थॉमस हेल्विस १६१२ मध्ये लंडनला परत आला आणि राजा जेम्सला उद्देशून पुस्तक लिहिलं. म्हणणं हेच, की माणूस पाखंडी असो, मुसलमान असो, ज्यू असो, श्रद्धेबद्दल त्याला शिक्षा करायचा राजाला अधिकार नाही. १६१२ मध्ये! राजाने तुरुंगात टाकलं, तिथेच मेला. श्रद्धा जन्माने येत नाही असं एकदा म्हटलं की ती राजाच्या हुकमानेही येत नाही, हे ओघाने आलंच. आम्हाला घटनेचा इतिहास शिकवताना अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याचं १८०२ चं पत्र असायचं, धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीबद्दलचं. ते पत्र त्याने कोणाला लिहिलं होतं माहितीये? कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना. तिथे ते अल्पसंख्य होते, आणि सरकारी चर्चचा त्रास त्यांनी भोगला होता.

सुहासमामा: हे मला नवीन आहे. बरं, पुढे.

आत्या: थॉमस कुकचं काय ते सांगा की. तो पाद्री होता?

चिनू: सुताराचं काम शिकलेला आत्या, आणि तरुणपणी गावोगाव फिरून बॅप्टिस्ट उपदेश करायचा. दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ ला त्याने लेस्टरहून लाफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी आख्खी ट्रेन ठरवली. साधारण ५०० माणसं, तिकीट एक शिलिंग. तिथून पर्यटनाचा धंदा सुरू झाला.

दादा: आणि आज लोक सहलीला कशासाठी जातात बघा.

आत्या: हाहाहा!

ताई: रॉकफेलरचं एक मी सांगू? सोळाव्या वर्षी नोकरीला लागला तेव्हापासून तो हिशेबाची वही ठेवायचा. त्यात चर्चला दिलेली चिल्लरसुद्धा लिहिलेली आहे. पुढे शिकागो विद्यापीठ उभं करायला पैसा यानेच दिला. पण १९११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याची तेल कंपनी स्टँडर्ड ऑइल फोडली, तेव्हा त्या पीठावर चार्ल्स इव्हान्स ह्यूझ होता. तोही बॅप्टिस्ट पाळकाचा मुलगा.

सुहासमामा: म्हणजे मक्तेदारी करणाराही त्यांचाच आणि मोडणाराही त्यांचाच. मी म्हटलं ना, टोपलं मोठं आहे!

मामी: तुमचं कोर्ट आणि कंपनी झालं असेल तर मी गाण्याचं बोलू?

चिनू: बोल मामी.

मामी: अरीथाचे वडील डेट्रॉइटला न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते. त्यांचं प्रवचनच इतकं सुरेल असायचं की त्याच्या रेकॉर्ड विकल्या जायच्या. व्हिटनी ह्यूस्टन न्यूअर्कच्या न्यू होप बॅप्टिस्टमधली, तिची आई तिथला गायकवृंद सांभाळायची. पण मला सांगायचंय ते एका गाण्याबद्दल. थॉमस डॉर्सी नावाचा पियानिस्ट होता. वडील फिरते बॅप्टिस्ट उपदेशक, आणि मुलगा मात्र ब्लूज वाजवायचा, तेही 'जॉर्जिया टॉम' नावाने अगदी चावट गाणी. १९३२ मध्ये तो कार्यक्रमासाठी दुसऱ्या गावी होता, तिथे तार आली. बायको बाळंतपणात गेली. परत येतो तर बाळही गेलं.

मामी: त्यानंतर त्याने 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' लिहिलं. माझा हात धर, एवढंच मागणं.

आत्या: अगं बाई.

मामी: पुढे ऐका. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसच्या मोटेलच्या गॅलरीत उभे होते. खाली उभ्या असलेल्या वादकाला म्हणाले, आज रात्री सभेत ते गाणं वाजव, छान वाजव. त्यानंतर काही क्षणांत गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीला ते गाणं महेलिया जॅक्सनने म्हटलं. आणि १९७२ मध्ये महेलिया गेली, तेव्हा तिच्या अंत्यविधीला तेच गाणं अरीथाने म्हटलं. किंग, महेलिया, अरीथा, डॉर्सी, चौघंही बॅप्टिस्ट चर्चमध्येच गायला-बोलायला शिकलेले. सुहास, हे काही तुझ्या टोपल्यात हात घालून निघालेलं नाही.

सुहासमामा: मान्य. हे मान्य.

ताई: ते 'स्वप्ना'चं भाषणसुद्धा महेलियामुळेच ना?

मामी: हो, १९६३ चं. ती मंचाजवळच होती. किंग लिहून आणलेलं बोलत होते, तिने मागून ओरडून सांगितलं की त्यांना ते स्वप्नाचं सांग. त्यांनी कागद बाजूला ठेवला. त्या चर्चमध्ये श्रोता गप्प बसत नाही, पाळकाला प्रतिसाद देतोच. तीच सवय.

नाना: किंगचे वडील आणि आजोबा दोघंही अटलांटाच्या एबनेझर बॅप्टिस्टचे पाळक. वडिलांचं मूळ नाव मायकेल, मुलाचंही तेच. १९३४ मध्ये वडील बर्लिनला बॅप्टिस्टांच्या जागतिक परिषदेला गेले आणि येऊन मार्टिन ल्यूथर नाव लावायला लागले. आज तिथले पाळक राफेल वॉर्नॉक सिनेटर आहेत.

आत्या: मग रोझा पार्क्सपण घाल ना यादीत, चिनू.

चिनू: नाही आत्या. ती मेथडिस्ट, म्हणजे वेगळ्या पंथाची, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची. हे मीच आधी चुकवलं होतं.

सुहासमामा: सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. गुलामगिरीच्या बाजूचे बॅप्टिस्ट नव्हते का?

ताई: होते ना. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांची संघटना, १८४५ मध्ये वेगळं झालं ते त्याच भांडणातून. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही, यावरून. माफीचा ठराव केला १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. आणि त्याच शब्दाचं दुसरं टोक म्हणजे जमैकाचा सॅम शार्प. स्वतः गुलाम, बॅप्टिस्ट मंडळीत डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा कार्यकर्ता. १८३१ च्या नाताळात त्याने काम बंद करायचं ठरवलं, त्याचं बंड झालं. त्या बंडाला तिथे 'बॅप्टिस्ट वॉर' असंच म्हणतात. १८३२ मध्ये त्याला फाशी दिली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी संपवायचा कायदा केला.

सुहासमामा: हे क्विझमध्ये घाल, चिनू. गाणाऱ्यांपेक्षा हे घाल.

मामी: गाणाऱ्यांपेक्षा म्हणजे?

सुहासमामा: गाणाऱ्यांबरोबर.

नाना: कार्टरने तर २००० मध्ये त्याच कन्व्हेन्शनशी नातं तोडलं. पाळक फक्त पुरुषच, असं त्यांनी त्या वर्षी लिहून काढलं म्हणून. पण आपल्या प्लेन्स गावातल्या लहानशा बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारचा वर्ग घेणं सोडलं नाही, नव्वदी उलटली तरी. मला मात्र कार्टर आठवतो तो नारूमुळे.

चिनू: नारू?

नाना: तुम्हा पोरांना माहीत नाही हे किती बरं आहे. विहिरीच्या पाण्यातून पोटात जायचा, आणि वर्षभराने पायातून हातभर लांब जंतू बाहेर. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला की संपलं. १९८६ मध्ये कार्टरच्या संस्थेने हे काम हाती घेतलं तेव्हा जगात वर्षाला साधारण ३५ लाख रुग्ण होते. आता वीसच्या आत. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला. तो आपल्याकडच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी घालवला, हे श्रेय त्यांचं. पण आफ्रिकेत हा माणूस म्हातारपणी गावोगाव फिरला.

दादा: सगळे अमेरिकन का? भारतातला कोणी?

सुहासमामा: तू आता विल्यम कॅरी काढणार. धर्मांतर करायला आला होता तो.

नाना: त्यासाठीच आला होता, त्याने ते लपवलंही नाही. १७९३ मध्ये आला आणि पहिला माणूस बाप्तिस्म्याला तयार झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं शून्य. कंपनी सरकारलाही मिशनरी नको होते, म्हणून तो डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या, बंगालमधल्या श्रीरामपूरला राहिला. मूळ धंदा चांभाराचा. पण सुहास, तू आत्ता ज्या भाषेत भांडतोयस तिचं व्याकरण त्याने १८०५ मध्ये छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा.

सुहासमामा: एकट्याने केलं का? पंडित होते त्याच्याकडे.

नाना: होते. वैजनाथ पंडित. त्यांचं नाव कोणी घेत नाही, हा तुझा मुद्दा असेल तर माझं अनुमोदन.

आत्या: आणि त्याची बायको? मी वाचलंय तिच्याबद्दल. डोरोथी. यायची तयारी नव्हती, शेवटच्या क्षणी जहाजावर चढवली. इथे आल्यावर पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचं मन कायमचं ढळलं. १८०७ पर्यंत ती तशीच जगली, आणि शेजारच्या खोलीत याची भाषांतरं चालू. मला नाही कौतुक वाटत.

नाना: आत्या म्हणते ते खोटं नाही.

दादा: मी फुटबॉलचा एक सांगतो आणि झोपतो. तालीमेरेन आओ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. नागालँडच्या चांगकीचा, वडील इम्पूरच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पहिले पाळक. बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सकडून २-१ हरले, त्यात दोन पेनल्टी हुकल्या. नंतर हा माणूस डॉक्टर झाला आणि नागालँडला परत गेला.

चिनू: दोन पेनल्टी?? आणि हे मला कोणी कधी सांगितलं नाही.

ताई: एक राहिला. जोसेफ डोक. जोहान्सबर्गचा बॅप्टिस्ट पाळक. १९०८ मध्ये गांधीजींना रस्त्यावर मारहाण झाली, तेव्हा त्याने त्यांना स्वतःच्या घरी नेऊन शुश्रूषा केली. १९०९ मध्ये गांधीजींचं पहिलं चरित्र लिहिलं तेही त्यानेच.

चिनू: बस! फेरी बदलते. नवे चौघे: सॅम शार्प, तालीमेरेन आओ, थॉमस डॉर्सी, जोसेफ डोक. हे कोणालाच येणार नाही.

दादा: आणि उत्तर 'बॅप्टिस्ट' असं दिलं तर पूर्ण मार्क? डोक पाळक होता, शार्प डीकन होता. पण आओचे वडील पाळक होते म्हणून आओ?

चिनू: ...

नाना: प्रश्न असा विचार: 'या चौघांच्या आयुष्यात कोणती मंडळी होती?' मग दादाला हरकत घेता येणार नाही.

दादा: घेता येईल, पण उद्या.

मामी: आणि डॉर्सी आला की गाणं लावायचं, नुसता फोटो नाही.