मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्कोचे उन्हाळी धुके बाबांना सायकलवरून दाखवायचे आहे

नमस्कार. माझे बाबा जुलैमध्ये पुण्याहून आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या सनीव्हेल शहरात, येणार आहेत. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी सायकलवरून ये-जा केली आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्यांची सकाळची फेरी चुकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके त्यांनी मोटारीच्या काचेआडून न पाहता सायकलवरून अंगावर घ्यावे, अशी माझी फार इच्छा आहे; म्हणून तिकडे नेहमी सायकल चालवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आपल्याकडे धुके म्हटले की थंडीतली पहाट आठवते. इथे ते ऐन उन्हाळ्यात दाटते, कारण किनाऱ्यालगत खोल समुद्रातले गार पाणी वर आलेले असते, त्यावरून येणारी दमट हवा निवून तिचे धुके होते, आणि आतल्या मैदानी खोऱ्यातली हवा तापून वर चढू लागली की गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून ते आत ओढले जाते.

माझा बेत असा आहे. सायकली घेऊन कॅलट्रेन या लोकलने शहरात जायचे, चढ टाळणाऱ्या ‘विगल’ मार्गाने पॅनहँडल, म्हणजे गोल्डन गेट पार्कच्या पूर्वेला जोडलेला उद्यानाचा अरुंद पट्टा, गाठायचा आणि तिथून गोल्डन गेट पार्कमध्ये शिरायचे. तिथल्या जॉन एफ. केनेडी ड्राइव्हचा पूर्वेकडचा भाग २०२२ पासून मोटारींना कायमचा बंद असल्याने बाबांना निवांत चालवता येईल. सायप्रसच्या झाडांखाली धुक्याचे पाणी असे टपटपते की वर पाऊस नसतानाही रस्ता ओला आणि अंगातले जॅकेट दमट होते. हे त्यांना दाखवायचेच आहे. पुढे पवनचक्क्यांवरून समुद्रकिनारी जाऊन सनसेट ड्यून्स, म्हणजे ग्रेट हायवेच्या ज्या सुमारे तीन किलोमीटरच्या पट्ट्यावर एप्रिल २०२५ मध्ये उद्यान सुरू झाले, तिथे शेवट करायचा.

माझी पहिली अडचण पार्कच्या पश्चिम भागाची आहे. मोटारमुक्त रस्ता संपल्यावर समुद्रापर्यंत कमी रहदारीचा आणि धुक्यातही न चुकणारा रस्ता कोणता? दुसरी अडचण वेळेची. दुपारी धुके बरेचदा किनाऱ्याकडे सरकते, पण तेव्हा पश्चिमेचा वारा वाढतो. तो परतीला पाठीशी असला, तरी जाताना समोरून झोंबेल. मग सकाळी किती वाजता पार्कमध्ये पोहोचावे?

गोल्डन गेट पुलावरून जाण्याचा त्यांचा आग्रह आहे. ओला मार्ग, आडवा वारा आणि पर्यटकांची गर्दी पाहता मला तो या वयात योग्य वाटत नाही. वयस्कर व्यक्तीला तिथून सायकलवर नेलेल्या कोणी प्रत्यक्ष अनुभव सांगितला, तर मी फेरविचार करेन.

बाबांना चष्मा आहे आणि पाय फार उंच उचलून दांडीवरून टाकणे जमत नाही. खालच्या दांडीची विजेची सायकल पार्कजवळ भाड्याने कुठे मिळेल, आणि चष्म्यावर सतत बसणाऱ्या थेंबांवर तुम्ही काय उपाय करता, हेही कृपया कळवावे.