लहान कुत्रीला ट्रेकला न्यायचंय: किती चालवावं, कुठे उचलावं?

पायवाट२१

कुत्री चार वर्षांची आहे, वजन साडेसहा किलो. डॅशुंडचं मिश्रण, म्हणजे पाठ लांब आणि पाय आखूड. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज चारेक किलोमीटर सपाट रस्त्यावर चालते, दमत नाही. लसी पूर्ण आहेत, वजनही व्हेटच्या मते योग्य आहे. आता तिला डोंगरात न्यायचा विचार आहे. मनात असलेली वाट जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चारशे मीटर चढाची. मध्ये थोडा घसारा (सुट्या खडी-मातीचा, पाय घसरणारा उतार) आणि शेवटी गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या.

एवढं तिला झेपेल का, आणि तयारीला किती वेळ द्यावा? हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) कसा घ्यावा? पाठीवर न्यायची पिशवी खरंच लागते का? पाणी, ऊन, गोचीड यात लहान कुत्र्यासाठी वेगळं काय बघावं? मोठ्या कुत्र्यांबद्दल लिहिलेलं पुष्कळ सापडतं, पण ते हिला जसंच्या तसं लागू पडेल असं वाटत नाही.

रानवाट

नाहीच पडत. लहान कुत्र्यासाठी वाट निवडताना एकच कसोटी लावा: सगळ्यात लांबच्या टोकाला ती चालेनाशी झाली, तर तिथून गाडीपर्यंत तिला उचलून आणता येईल का? उत्तर "हो" असेल तरच निघा. बाकी सगळं नियोजन याच्याभोवती बसतं.

आता तयारी. तुमचे चार किलोमीटर दोन फेऱ्यांत मिळून आहेत. म्हणजे एका दमात तिला दोनच किलोमीटरची सवय आहे, तेही सपाटीवर. आठवड्यातून एकदा लांब फेरी ठेवा आणि ती दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी वाढवा. या वेगाने दोनाचे आठ व्हायला दहा आठवडे लागतात. मधले दोन-तीन आठवडे अंतर न वाढवता जाऊ द्यायचे, म्हणजे तीन महिने धरा. घाई केली तर दम आधी वाढतो, पण स्नायू, सांधे आणि पायाच्या गाद्या मागे राहतात. कुत्री उत्साहात चालत राहते आणि लंगडणं दुसऱ्या दिवशी दिसतं. लांब फेरीनंतर सकाळी ती उठताना कशी उठते ते नीट बघा. अंग आखडलेलं दिसलं, नेहमीच्या पायरीवर थबकली, तर त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही.

सहाव्या आठवड्यापासून चढ-उतार सुरू करा आणि उताराला जास्त जपा. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि उतरताना ते आणखी पुढे सरकतं. आखूड पायांच्या कुत्रीचे खांदे आणि मनगटं तिथेच दुखावतात. चढताना ती स्वतःच वेग कमी करते. उतरताना मात्र पळत सुटते, म्हणून तिथे लीश (हातात धरायची दोरी) आखूड धरून तुम्हीच हळू चाला.

गुडघाभर पायऱ्यांवर तिला चालवूच नका. तिच्या छातीपेक्षा उंच पायरी आली की दोन्ही दिशांना उचलायचं, उतरताना तर हमखास. डॅशुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकायचा धोका मुळातच जास्त असतो आणि तीन ते सात हे त्यासाठी नाजूक वय. उचलताना एक हात पुढच्या पायांमधून छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून वर ओढलं की मागचं सगळं वजन कण्याला लटकतं. लहान कुत्र्यांना उचलताना सर्रास होणारी चूक हीच.

कातळकडा

सामानाबद्दल लिहितो.

हार्नेस वाय आकाराचा घ्या, छातीच्या हाडावर पट्टा येणारा. खांद्यावरून आडवा पट्टा जाणारे हार्नेस टाळा, त्यात पुढचा पाय पूर्ण पुढे जात नाही आणि चढावर ते लगेच जाणवतं. लांब पाठीच्या कुत्रीला छातीचा घेर मोठा आणि पाय आखूड असल्यामुळे मागचा पट्टा बरेचदा काखेत सरकतो. पुढच्या पायामागे दोन-तीन बोटं जागा सोडून तो बसला पाहिजे. पट्ट्याखाली सगळीकडे दोन बोटं सरकली पाहिजेत, पण मागे ओढल्यावर हार्नेस डोक्यावरून निघता कामा नये. घरी हे करून बघाच, कारण घाबरलेला कुत्रा नेमका मागेच सरकतो. तासभर चालल्यावर काखेतले केस बाजूला करून बघा. कातडी गुलाबी झाली असेल तर पुढच्या तासात सोलवटणार.

पाठीवर हँडल असलेला हार्नेस सोयीचा, पण ते हँडल तोल सावरायला आहे. त्याला धरून कुत्री बॅगेसारखी उचलू नका, तुमच्या कुत्रीच्या पाठीला तर ते मुळीच चालणार नाही.

लीश दीड ते दोन मीटर, साधी, ठरावीक लांबीची. आपोआप गुंडाळली जाणारी डोंगरात नको: बारीक दोरी झुडपात अडकते, आणि कड्याजवळ कुत्री पाच मीटर पुढे असेल तर हातात काहीच राहत नाही. लीश नेहमी हार्नेसला लावा, गळपट्ट्याला फक्त नाव-नंबरचा बिल्ला. लहान जातींत श्वासनलिका कमकुवत असणं बरंच आढळतं आणि घसरल्यावर बसणारा झटका मानेवर गेला तर इजा होते. मोकळं सोडायचा मोह होतो, पण साडेसहा किलोची कुत्री रानातल्या शिकारी जनावरांच्या दृष्टीने भक्ष्याच्या मापाची असते. शिवाय ससा, घोरपड दिसली की ती बिळात शिरेल. डॅशुंड त्याच कामासाठी पैदा केलेली जात आहे.

पिशवी लागतेच. रानवाट यांची कसोटी हातांवर पुरी होत नाही. घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे हवेत आणि छातीशी धरलेल्या कुत्रीमुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. म्हणून पाठीवरची, कंबरपट्ट्याची, दोन्ही बाजूंना जाळी असलेली सॅक घ्या. तिचा तळ कडक आणि सपाट हवा. ज्यात कुत्रा उभा बसतो आणि पाय बाहेर लोंबतात तो प्रकार लांब पाठीला योग्य नाही, आडवं बसता येईल अशीच बघा.

वजनाचा हिशोब आधी मांडा. कुत्री साडेसहा, सॅक दीड, दोघांचं मिळून पाणी सुमारे तीन, बाकी सामान दोन: १३ किलो झाले. दिवसभराच्या चालीला पाठीवर स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ठीक, म्हणजे ६५ किलोच्या माणसाची मर्यादा इथेच गाठली. सोबत कोणीतरी असावं आणि पाणी त्याच्याकडे असावं. कुत्रीच्या पाठीवर छोटी बॅग लादू नका.

चारपावलं

मी पशुवैद्यक आहे. वर मणक्याबद्दल आलंय त्यात एक भर: कमान केलेली पाठ, उचलताना किंचाळणं, थरथर, किंवा मागचा पंजा उलटा पडून घासत जाणं, यातलं काहीही दिसलं की त्या क्षणी चालणं बंद. सपाट तळाच्या सॅकमध्ये आडवी ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मागचे पाय लुळे पडले असतील तर तासातासाने फरक पडतो, उद्यावर ढकलू नका.

ऊन. कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच, धापा टाकून तोंडातला ओलावा उडवणं हाच थंड व्हायचा मुख्य मार्ग. दमट हवेत तो ओलावा उडत नाही, म्हणून फारसं ऊन नसलेला दमट दिवसही वाईट. त्यात आखूड पायांच्या कुत्रीचं पोट तापलेल्या दगडापासून काही बोटांवर असतं. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेववत नसेल तर तिला चालवू नका. पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत उतरलेले असा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्ण हवेत चढाला नेऊच नये, त्यांचा हा थंड व्हायचा मार्गच अरुंद असतो.

जिभेकडे लक्ष ठेवा. आरामात धापा टाकताना जीभ अरुंद असते. अंग तापायला लागलं की ती लांब होते, टोकाला फावड्यासारखी रुंद पसरते आणि कडा वर वळतात. तसं दिसलं की सावलीत थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांत धाप उतरली पाहिजे. नाही उतरली, हिरड्या गर्द लाल दिसल्या, लाळ घट्ट चिकट झाली, चालीत झोकांडी आली, तर ट्रेक तिथेच संपला. शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. विश्रांतीनंतरही ४० च्या वर असेल तर काळजीचं, ४१ च्या वर जिवाला धोका. आधी थंड करा, मग हलवा: अंगावर, पोटावर, मांड्यांमध्ये पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता आतच कोंडतो. साडेएकोणचाळीसला आलं की पाणी ओतणं थांबवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. सावरली तरी दवाखान्यात न्याच, आतल्या अवयवांची इजा नंतर उघड होते.

पाणी: एरवी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे तुमच्या कुत्रीला साडेतीनशेच्या आसपास. ट्रेकच्या दिवशी दुप्पट धरा, सातशे-आठशे मिली, आणि थंड करायची वेळ आली तर म्हणून अर्धा लिटर वेगळं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी ४०-५० मिली द्या. एकदम वाटीभर ढोसलं की उलटी होते. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जनावरांच्या लघवीतून तिथे येतात. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, तिची केव्हाची आहे ते कार्डावर बघा.

खाणं निघण्याआधी दोन-तीन तास, आणि थोडं. वाटेत तिचं नेहमीचंच खाणं चिमूटचिमूट द्या. तुमच्या खाऊतले बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम तिच्यापासून लांब. साडेसहा किलोच्या जिवाला थोडक्याचीही बाधा होते. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका.

गोचिडांसाठी व्हेटकडून गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आधीच सुरू करा. तिला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही गोळ्या अशा कुत्र्यांना टाळतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध नको, मांजराला ते विषारी आहे. उतरल्यावर कानांच्या आत, पापण्या, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली बोटं फिरवून तपासा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. तेल, चटका काही नको, डिवचलेली गोचीड जास्त लाळ आत सोडते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, मरगळ किंवा गडद लघवी दिसली तर रक्त तपासा.

कुसळांना लोक फार हलक्यात घेतात. कुसळाचे काटे एकाच दिशेने असतात, म्हणून ते आतच सरकतं, आपोआप बाहेर येत नाही. वाळल्या गवतातून आल्यावर कुत्री सारखी मान झटकत असेल, एकदम जोरजोरात शिंकायला लागली, किंवा एकच बोट चाटत बसली, तर तिथे कुसळ आहे असं धरूनच चाला. कानातलं आणि नाकातलं डॉक्टरांनाच काढू द्या. जायच्या आधी बोटांमधले केस कापून ठेवले की हा त्रास निम्म्याने टळतो.

पायवाट२१

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन महिन्यांचं वेळापत्रक आजपासूनच लावते. दोन गोष्टी राहिल्या: बूट घ्यावेत का? आणि सॅकमध्ये ती बसेल असं वाटत नाही, नुसती उघडून ठेवली तरी लांब पळते.

कातळकडा

घसारा आहे, तर चारही बूट घ्या.

रानवाट

इथे मत वेगळं आहे. घसाऱ्यावर तिला गाद्या आणि नखांनी जमीन चाचपता येणं जास्त मोलाचं, आणि बूट घातलेली कुत्री तिथेच जास्त घसरते. वजन कमी असल्याने लहान कुत्र्याच्या गाद्या फारशा झिजत नाहीत. तीन महिने हळूहळू खडबडीत जमिनीवर चालवलं की त्या पुरेशा टणक होतात. बूट दोनच न्या, जखम झाली तर पट्टीवर घालायला. माप घेताना तिला उभी करा, पंजा भार पडल्यावर पसरतो. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असतात, तेव्हा पुढच्याचंच माप घ्या. वेल्क्रो करकचून आवळला तर पाय सुजतो, म्हणून तासाभराने सोडून बघायचा.

चारपावलं

बुटांबाबत रानवाट यांच्याशी सहमत, धारदार खडक सोडून. गादी फाटली तर सलाइनने धुवा, न चिकटणारी गॉझ ठेवा, बोटांच्या बेचक्यांत कापसाचे छोटे बोळे घाला (नाहीतर बोटं एकमेकांवर घासून ओली होतात), वर मऊ रोल आणि शेवटी स्वतःला चिकटणारी पट्टी, ताण न देता. मधली दोन बोटं टोकाला उघडी ठेवा. ती गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. आणि पट्टी बांधलेली कुत्री सॅकमधूनच खाली यायला हवी.

कातळकडा

धारदार खडक मलाही अभिप्रेत होता, ते राहू द्या.

सॅकची सवय वेळापत्रकाच्या पहिल्याच आठवड्यापासून लावा, पाय दुखल्यावर पहिल्यांदा आत कोंबली तर ती झुंजणारच. सॅक जमिनीवर आडवी, झाकण पूर्ण उघडं, आत तिचं रोजचं अंथरूण. आठवडाभर जेवणाची वाटी आधी शेजारी, मग तोंडाशी, मग आत. उचलायचं नाही. ती आपणहून आत बसून खायला लागली की झाकण अर्धं लावा, मग पूर्ण, अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत. त्यानंतर घरातल्या घरात पाठीवर घेऊन फिरा आणि ती शांत असतानाच उतरवा. धडपडत असताना उतरवलं तर धडपडलं की सुटका होते, हेच ती शिकेल. पुढे प्रत्येक लांब फेरीत दहा मिनिटं तिला सॅकमध्ये घ्या, दमलेली नसली तरी. आतला हुक हार्नेसलाच लावा, गळपट्ट्याला कधीच नाही, आणि त्याचा पट्टा इतका आखूड ठेवा की तिने उडी मारली तरी पुढचे पाय काठाबाहेर जाणार नाहीत.