केनियात 11 महिने, बॅग एकच 23 किलोची: काय न्यावं?

आर्णी तालुक्यातून पश्चिम केनियात काकामेगाकडच्या खेड्यात शाळेवर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. घरचे डाळी, तिखट, कुरड्या, लोणचं सगळंच भरा म्हणतात. खरंच लागतं का?

उत्तर 1
डाळी नका नेऊ भाऊ. मूग ('न्देंगू') अन् तूर ('म्बाझी') तिथल्या बाजारात मिळते. ती जागा भिवापुरी तिखटाला द्या, 1 किलो. स्टीलच्या डब्यात घट्ट दाबून भरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कॅरीबॅगवर तिथं 2017 पासून बंदी आहे. कुरड्यांचा चुरा होतो. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत तेल झिरपतं, मग कपडे गेले. सुकं खोबरं तपासणीत काढून ठेवतात. कुकर नेत असाल तर जादा रिंग अन् सेफ्टी व्हॉल्व्ह घ्याच, त्याच मापाची तिथं मिळेल याचा भरवसा नाही.

उत्तर 2
आधी पीतज्वराची लस. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो, म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. दाखला नसेल तर भारतात परतताना 6 दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. मूळ कार्ड पासपोर्टसोबतच. हिवतापाची गोळी डॉक्टरला विचारून; डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवावी लागते. लोक नेमकं तेच सोडतात.

उत्तर 3
वीज 240 व्होल्ट, आपले चार्जर चालतात. फक्त तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच: 20000 एमएएच म्हणजे 74 वॉट-अवर, मर्यादा 100. आणि स्वेटर विसरू नका! काकामेगा 1500 मीटर उंचीवर आहे, आपल्या उन्हाचा हिशेब तिथं लागत नाही. जीन्स एकच, पावसात वाळत नाही.