गुडघेदुखीवरच्या पूरक गोळ्या: खरंच उपयोग होतो का?

मृदुला_प
आईचे गुडघे झिजलेत. दोन वर्षं ती ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या (सांध्यातल्या कूर्चेत असणाऱ्या द्रव्यांच्या) गोळ्या न चुकता घेतेय आणि दुखणं आहे तिथंच आहे. परवा म्हटलं, आता बंद कर. तर घाबरली. "बंद केल्या आणि वाढलं तर?" तिची ती भीती मला छळतेय, म्हणून हा धागा.

माझं मत: झिजेच्या संधिवातात या गोळ्यांनी फारसं काही साधत नाही, आणि रुग्णाला ते कुणीतरी सरळ सांगायला हवं. अमेरिकेतल्या 'गेट' चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. गुडघेदुखीचे १,५८३ रुग्ण, २४ आठवडे. ज्यांना औषध नसलेली नकली गोळी दिली, त्यांच्यातल्याही ६० टक्के लोकांचं दुखणं निदान एक पंचमांशाने उतरलं! ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. "मला गुण आला" म्हणणारा खोटं बोलत नाही, त्याला खरंच बरं वाटतं. पण ते गोळीतल्या द्रव्यामुळेच, असं कशावरून?

अनंत_क
असहमत. त्याच चाचणीत ज्यांचं दुखणं मध्यम ते तीव्र होतं, त्यांचे आकडे तुम्ही दिले नाहीत. त्यांच्यात दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना आराम पडला, नकली गोळीवाल्यांत ५४. शिवाय ग्लुकोसामाइन दोन रूपांत मिळतं, हायड्रोक्लोराइड आणि सल्फेट; तिथे हायड्रोक्लोराइड वापरलं होतं. २००१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली २१२ रुग्णांची तीन वर्षांची चाचणी सल्फेटवर होती आणि तिच्यात सांध्यातली फट कमी होणंही थांबल्यासारखं दिसलं.

मी सल्फेटच घेतो. वय ६८. वेदनाशामकांनी एकदा पोटात व्रण झाला, रक्तस्राव झाला, तेव्हापासून त्या गोळ्या मला बंद आहेत. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, आता क्वचित लागतो. माझ्यासारख्याकडून ही गोळी काढून घेतलीत तर त्या जागी काय देणार आहात?

मृदुला_प
काका, तुमची अडचण समजते, काढून घ्यायची गोष्टच नाही. पण तो ७९ टक्क्यांचा गट लहान होता, आणि पुढे काही रुग्णांना दोन वर्षं तपासलं तेव्हा नकली गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. २०१० साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दहा चाचण्यांतले ३,८०३ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हाही रुग्णाला जाणवेल असा फरक सापडला नाही. आणि उत्पादकांच्या पैशावर न चाललेल्या चाचण्यांत परिणाम आणखी लहान होता. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

सुनंदा_ज
तुम्ही दोघं झिजेबद्दल बोलताय. मला रुमेटॉइड आहे, म्हणजे आमवात. तो वेगळा आजार. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. दुकानातल्या बाटलीवर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द, 'सांधेदुखी'.

पूरकं सरसकट निकामी म्हणू नका. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड मला डॉक्टरांनीच दिलंय, त्याने तोंड येणं, मळमळ कमी होते. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ रोज ३ ग्रॅमच्या आसपास काही महिने घेतलं तर आमवातात सकाळचा ताठरपणा थोडा कमी होतो, असं चाचण्यांत दिसलंय. थोडाच.

पण एका 'नैसर्गिक' कॅप्सूलच्या भरवशावर मी मेथोट्रेक्सेट पाच महिने बंद ठेवलं होतं. सुरुवातीला बरं वाटलं. आज उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत आणि आता होणारही नाहीत. कॅप्सूलने अपाय केला नाही, माझे पाच महिने नेले. कुणी आमवाताची औषधं सोडून काही घेत असेल तर कृपया आजच डॉक्टरांशी बोला.

अनंत_क
सुनंदाताई, वाचून वाईट वाटलं. याबाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो: वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी ग्लुकोसामाइन विचारल्याशिवाय सुरू करू नये, रक्त जास्त पातळ होऊ शकतं. बरंचसं ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, तेव्हा त्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही आधी विचारावं. हळदीतल्या कर्क्युमिनच्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. माझी गोळी मात्र मी सोडणार नाही. मृदुला, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम मी त्याच सुमारास सुरू केला होता हेही सांगतो; नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

मृदुला_प
काका, हे सांगितलंत म्हणून बरं झालं. व्यायामाचा पुरावा या गोळ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहे. वजनाचंही तसंच: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. आईला हे दोन वर्षांत कुणीच समजावलं नाही, मीसुद्धा नाही.

डॉक्टरांना विचारून ठरवलंय: दोन महिने गोळ्या बंद, रोज रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते वहीत लिहायचं, आणि खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम. वाढलंच तर गोळ्या पुन्हा सुरू, मी वाद घालणार नाही. आईने आज पहिला आकडा लिहिला, सहा.